गुण आणि वहन

बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील औषधशास्त्र विभागात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत १९९८ साली ‘प्लांटा मेडिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि आज हळदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांच्या वेष्टनावर जो मिऱ्याच्या अर्काचा उल्लेख असतो, त्याचा उगम पुष्कळ अंशी या वृत्तांतात आहे. प्रयोग दिसावयास साधा होता. निरोगी स्वयंसेवकांस हळदीतील पिवळे द्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, २ ग्रॅम इतक्या मात्रेत पोटात देऊन ठराविक अंतराने त्यांचे रक्त तपासले, तेव्हा रक्तात ते द्रव्य एकतर मिळालेच नाही किंवा मिळाले ते नावापुरते. मात्र त्याच मात्रेसोबत मिऱ्यातील तिखट द्रव्य, म्हणजे पिपरीन, केवळ २० मिलिग्रॅम दिले असता तासाभराच्या आतच रक्तातील कर्क्युमिन वर चढले, आणि त्याच्या शोषणात २००० टक्के वाढ झाल्याचे संशोधकांनी नमूद केले. उंदरांत हीच वाढ १५४ टक्के होती. त्या वृत्तांताच्या लेखकांत महाविद्यालयातील अध्यापकांबरोबर डॉ. मुहम्मद मजीद यांचेही नाव आहे. अमेरिकेतून परतून १९९१ साली बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत वनस्पतींच्या अर्कांचा कारखाना काढणारे आणि पिपरीन हेच विक्रीस आणणारे ते उद्योजक होत, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, पण तेवढ्यावरून प्रयोग लटका ठरत नाही.

२००० टक्के हा आकडा जाहिरातीत शोभून दिसतो खरा; तथापि ज्या राशीची ही वाढ, ती राशीच मुळात शून्याच्या जवळपास असल्यामुळे वीसपट होऊनही ती फार मोठी होते असे नाही. या प्रयोगाचे खरे महत्त्व आकड्यात नसून त्याने उघड केलेल्या एका भेदात आहे. वनस्पतीतील एखादे द्रव्य रोगावर चालत नाही असे दिसले, तर त्याची कारणे दोन संभवतात: एक, द्रव्य गुणी आहे पण इष्ट स्थळी पोहोचतच नाही, दुसरे, ते पोहोचते, परंतु तेथे पोहोचून करण्यासारखे त्याच्याजवळ काही नाही. पहिला प्रश्न वहनाचा, दुसरा गुणाचा. मेदोवृद्धीवर वनस्पतिद्रव्ये आणि ती वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, म्हणजे ज्यांस आपण नॅनोकण म्हणतो, यांविषयी आज जे अमाप लिहिले जात आहे, त्यात या दोन प्रश्नांची सर्रास गल्लत होते, आणि वहन सुधारले की गुण आपोआप येईल अशी समजूत वाचकाच्या मनात घट्ट बसते. ती समजूत कितपत टिकते हे पाहण्यास बंगळूर आणि त्याच्या पश्चिमेचा मुलूख यांइतके सोयीचे दुसरे स्थळ क्वचितच सापडेल.

प्रथम मेदाविषयी थोडेसे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याची गणना आठ निंदित पुरुषांत केली असून त्याच्यासाठी पचण्यास जड परंतु पोषणास हलके असे अन्न सुचविले आहे. वैद्यांनी गुग्गुळ, त्रिफळा, मुस्ता, गुळवेल इत्यादींची योजना केली. मात्र स्थूल कोणास म्हणावे याविषयी त्यांना डोळ्यांखेरीज दुसरे साधन नव्हते. आपल्याजवळ वजनकाटा आहे, पण तोही हिंदी मनुष्याच्या बाबतीत पुरेसा विश्वासू नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपली स्वतःची छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु क्ष-किरणांनी शरीरातील मेद मोजला असता युडकिनांच्या शरीरात तो ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बालके साउथहॅम्प्टनच्या बालकांपेक्षा सरासरीने पाऊण किलोहून अधिक हलकी असूनही त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने फारसा घटलेला नसतो, हे याज्ञिकांच्याच संशोधनाने दाखविले. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २५ झाला की स्थौल्य मानावे आणि पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या, स्त्रीचा ८० च्या पुढे जाऊ देऊ नये, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत पोटाचे स्थौल्य ३९.५ टक्के प्रौढांत आढळले. इतके गिऱ्हाईक उपलब्ध असता औषधांचा बाजार स्वस्थ बसेल हे संभवनीय नाही.

आता गुणाच्या प्रश्नाकडे वळू, आणि तेथे आपल्या ओळखीचे एक झाड भेटते. कोकणातील रातांबा, ज्याच्या सालींचे आपण आमसूल करतो आणि ज्यास मंगळूरकडे पुनर्पुळी म्हणतात, त्याचा सख्खा भाऊ उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सदाहरित अरण्यात वाढतो. कानडीत त्याचे नाव उप्पगे, केरळात कुडंपुळी. फळ पिकल्यावर पिवळे होते, त्याच्या अंगावर उभ्या खोल खाचा असतात, आणि धुरावर वाळविलेली त्याची काळी साल केरळातील माशांच्या कालवणात चिंचेच्या जागी पडते. या आंबटपणाचे कारण लिंबातील सायट्रिक आम्ल किंवा चिंचेतील टार्टरिक आम्ल असावे, असा समज होता. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली तो दूर केला. त्यांनी दाखविले की सालीतील मुख्य आम्ल हे सायट्रिक आम्लाचे एक दुर्मिळ भावंड, हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आहे. पुढे चार वर्षांनी अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात वॉटसन, फँग आणि लोवेनस्टाइन यांना आढळले की हे आम्ल पेशीतील एटीपी-सायट्रेट लायेज नावाच्या एन्झाइमास जखडून ठेवते.

या एन्झाइमाचे काम समजून घेण्याजोगे आहे. आपण गरजेपेक्षा अधिक भात किंवा साखर खाल्ली की तिच्यापासून निघालेला कार्बन पेशीच्या ऊर्जाकेंद्रातून सायट्रेटच्या रूपाने बाहेर येतो. हे एन्झाइम त्या सायट्रेटचे तुकडे करते, आणि त्यांतील एका तुकड्यापासून पेशी मेदाम्ले रचते. म्हणजे पिष्टाचा मेद होण्याच्या मार्गावरील हा एक दरवाजा होय. तो बंद केल्यास भाताचा मेद होणार नाही, हा तर्क कोणासही पटण्यासारखा होता. हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत अ‍ॅन सलिव्हन यांनी १९७० च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. उंदीर कमी खाऊ लागले आणि त्यांचा मेदही घटला. १९९० च्या दशकात हे आम्ल गोळ्यांच्या रूपाने अमेरिकेच्या दुकानांत पोहोचले, आणि उत्तर कन्नडच्या जंगलात त्याचे पडसाद उमटले.

ते पडसाद कसे होते, हे सिरसीच्या आसपास संशोधन केलेल्या नितीन राय यांनी तपशिलाने मांडले आहे. ज्या फळाला पूर्वी स्थानिक वापरापलीकडे विशेष भाव नव्हता, त्याची मागणी अकस्मात वाढली. वनखात्याकडून गोळा करण्याचा मक्ता दिला जाई, आणि आपल्याआधी दुसरा तोडील या धास्तीने लोक कच्चीच फळे पाडू लागले, फांद्याच छाटू लागले. ऐन पावसाळ्यात पिकणारे हे फळ उन्हात वाळणे अशक्य, म्हणून ते वाळविण्यास जंगलातीलच लाकूड जाळावे लागे. सोय एवढीच की झाडास इजा न करता फळ उतरविता येते आणि बियांपासून त्या भागात तुपासारखा खाद्य स्निग्धांशही काढतात. न्यूयॉर्कच्या एखाद्या स्थूल गृहस्थाने गोळी घ्यावी आणि सह्याद्रीतील एक फांदी तुटावी, हा संबंध औषधशास्त्राच्या ग्रंथांत सहसा येत नाही. पण तो त्या शास्त्राच्या बाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

आणि ज्या गोळीसाठी ही फांदी तुटली, तिचे काय झाले? १९९८ सालीच, म्हणजे सेंट जॉन्सचा वृत्तांत ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या हेम्सफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात आपला निकाल जाहीर केला. १३५ स्थूल माणसांपैकी अर्ध्यांना दररोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आणि अर्ध्यांना निष्क्रिय गोळी, असे बारा आठवडे चालले. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो, हा फरक सांख्यिकीच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता, आणि असता तरी तो आम्लाच्या बाजूचा नव्हताच. समर्थकांनी मात्रेवर, क्षारावर आणि आहारावर बोट ठेवले. तो वाद अद्यापही पुरता मिटलेला नाही.

मला स्वतःला हा प्रसंग फार बोधक वाटतो तो अशासाठी, की हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल हे कर्क्युमिनसारखे पाण्याशी वैर धरणारे द्रव्य नव्हे. ते पाण्यात विरघळते आणि घेतल्यानंतर ते रक्तात सापडते हे पुढच्या मोजण्यांनी दाखविले. अडचण आणखी पुढे होती. पिष्टमय खाद्यावर ठेवलेला उंदीर आपला मेद प्रामुख्याने पिष्टापासून तयार करतो, म्हणून त्याच्या बाबतीत तो दरवाजा बंद करण्यास अर्थ असतो. परंतु तेलातुपाचा समावेश असलेला नेहमीचा मिश्र आहार घेणारा मनुष्य आपल्या मेदाचा मोठा भाग अन्नातील तयार मेदातूनच साठवितो, आणि पिष्टापासून मेद करण्याचा त्याचा कारखाना मंदच चालतो. जो दरवाजा मुळातच थोडा उघडा असतो, तो लावून घेतल्याने घरात येणारा लोंढा थांबत नाही. अशा द्रव्यास नॅनोकणात भरून अधिक तत्परतेने पोहोचविले तरी निकालात फार फरक पडावा, असे मानण्यास आधार नाही.

याच दरवाजावर पुढे निराळ्या बाजूने एक गमतीचा प्रकार घडला. बेंपेडोइक आम्ल नावाचे एक कृत्रिम औषध, जे उप्पगेपासून निघालेले नाही, त्याच एटीपी-सायट्रेट लायेजला अडविते; पण ते निष्क्रिय रूपात पोटात जाते आणि त्याला सक्रिय करणारे एन्झाइम यकृतात असून स्नायूंत नसल्यामुळे त्याचा परिणाम मुख्यतः यकृतापुरता राहतो. २०२० साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली ती रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी. मैसूरच्या सालीने जो दरवाजा दाखविला होता तो खोटा नव्हता. फक्त त्यामागची खोली मेदाची नसून कोलेस्टेरॉलची निघाली, आणि तो दरवाजा उपयोगात आणावयास कोणत्या अवयवात पोहोचावे याची तजवीज औषधाच्या रेणूतच करावी लागली.

गुग्गुळाची कथाही थोडक्यात अशीच. बनारसला जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली सुश्रुताच्या मेदोरोगाच्या वर्णनावरून सशांवर प्रयोग केले, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यातून औषध सिद्ध केले. आणि २००३ साली अमेरिकेतील १०३ जणांच्या चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी उलट चढले. कोलियस ऊर्फ मैनमुळाचा इतिहास याहून रम्य आहे. कर्नाटकात ज्याच्या मुळांचे लोणचे घालतात, त्या या झाडातील फोर्सकोलिन हे द्रव्य मुंबईच्या मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रातील सुजाता भट, डिसोझा आणि सहकाऱ्यांनी शोधून १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पेशीतील एका संदेशवाहकाचे प्रमाण ते थेट वाढविते, ज्यामुळे मेदपेशी साठविलेला मेद मोकळा करू लागते. जगभरच्या प्रयोगशाळांत फोर्सकोलिन आज रोजच्या वापरात आहे. वजनाच्या बाबतीत मात्र ३० पुरुषांवरील एका बारा आठवड्यांच्या चाचणीत शरीरातील मेदाचे प्रमाण घटले, काट्यावरील वजन विशेष हलले नाही.

म्हणून पुन्हा हळदीकडेच येणे प्राप्त आहे, कारण वहनाचा प्रश्न जेथे खराखुरा आहे असे ठळक उदाहरण तेच. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांतून जी हळद वर्षानुवर्षे साठविली जात असे, तिच्यात किंवा इतरत्र पिकणाऱ्या हळदीत कर्क्युमिन शेकडा दोन ते पाच भाग इतकेच असते. वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीत ते सहाच्या वर जाते म्हणून तिची कीर्ती. चमचाभर, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम हळद घेतली तर त्यात कर्क्युमिन भरेल शंभरेक मिलिग्रॅम, आणि चाचण्यांत देतात ते पाचशे ते दोन हजार. स्वयंपाकघरातील हळद उत्तम आहे. तिला औषधाच्या चाचणीचा दाखला मात्र देऊ नये. आणि मात्रा वाढवून तरी काय साधते? एका चाचणीत स्वयंसेवकांना एकाच वेळी ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिले, तरी रक्तात ते सापडले नाही. १० आणि १२ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी दोघांत ते अल्पसे दिसले.

असे का होते? प्रथम, हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दुसरे, आतड्यातील किंचित अल्कधर्मी द्रवात ते टिकत नाही. परीक्षानळीत तशा द्रावणात अर्ध्या तासात त्याचा नव्वद टक्के भाग नष्ट होतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, आतड्याची भिंत आणि तिच्यामागचे यकृत ही शरीराच्या वेशीवरची दोन जकातनाकी होत; बाहेरून आलेला माल तेथे उघडून पाहिला जातो आणि अनोळखी मालावर शिक्का मारून त्याची बाहेर रवानगी होते. शिक्का म्हणजे ग्लुक्युरॉनिक आम्लाचा किंवा सल्फेटचा जोड, जो लागला की द्रव्य निष्प्रभ आणि पाण्यात विद्राव्य होऊन मूत्र किंवा पित्तावाटे निघून जाते. मिऱ्यातील पिपरीन करते ते इतकेच, की शिक्का मारणाऱ्या कारकुनाचा हात काही काळ धरून ठेवते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल यांनी १९७० च्या दशकाअखेर त्रिकटूच्या अभ्यासातून याचा पाठपुरावा केला, आणि २००९ साली क्षयावरील रिफँपिसिनमध्ये पिपरीन मिसळून त्या औषधाची मात्रा निम्म्याहून खाली आणलेली गोळी आपल्याकडे बाजारात आली. परंतु ज्या कारकुनाचा हात धरला, त्याच्यासमोर केवळ हळद उभी नसते. आकडीवरील फेनिटॉइन, दम्यावरील थिओफायलिन, रक्तदाबावरील प्रोप्रानोलॉल यांचे रक्तातील प्रमाण पिपरीनने वाढते, हे मनुष्यांवरील अभ्यासांनी दाखविले आहे.

नॅनोकणांचा मार्ग याहून निराळा. त्यातील पहिली युक्ती शुद्ध भूमितीची आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. तोच घन शंभर नॅनोमीटर बाजूच्या घनांत चिरला तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपास जाते. नॅनोमीटर हा मीटरचा अब्जांश; आपल्या तांबड्या रक्तपेशीची रुंदी अशा सात-आठ हजार भागांची असते. विरघळणे हे पृष्ठभागावर घडत असल्यामुळे जे द्रव्य ढेकळाच्या रूपात हटून बसते ते भुकटीच्या या पराकाष्ठेत वश होते. जपानमध्ये तयार झालेल्या थेराकर्मिन नावाच्या प्रकारात कणांचा आकार साधारण १९० नॅनोमीटर असून २०११ सालच्या अभ्यासात त्याचे मनुष्याच्या रक्तातील एकूण प्रमाण साध्या कर्क्युमिनच्या २७ पट निघाले.

दुसरी युक्ती शरीराच्याच जुन्या व्यवस्थेचा उपयोग करून घेण्याची. तूप खाल्ल्यावर पित्त त्याचे काही नॅनोमीटर आकाराचे पुंजके करते, आतड्याची पेशी ते आत घेऊन त्यांचे मोठे स्निग्ध थेंब बांधते आणि हे थेंब, ज्यांस कायलोमायक्रॉन म्हणतात, थेट यकृताकडे न जाता लसीकावाहिन्यांतून रक्तात उतरतात. म्हणजे दुसरे नाके त्यांना लागत नाही. औषध अशा स्निग्ध कणात गुंडाळले, तर तेही त्याच वाटेने जाऊ शकते. लायपोसोम, घन स्निग्धकण, नॅनोपायस, कोळंबीच्या टरफलापासून काढलेल्या कायटोसानचे कण, फॉस्फोलिपिडाशी बांधलेले फायटोसोम, अशी या घराण्यातली पुष्कळ नावे आहेत. त्यांच्या तपशिलात येथे शिरत नाही. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत २०१० पासून नॅनोविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि २००७ साली केंद्र सरकारने प्रा. सी. एन. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली नॅनो मिशन सुरू केले तेव्हापासून या शहराकडे त्या विषयाची एक प्रकारची जहागीर आली आहे.

पण आकड्यांपाशी सावध राहावे. कर्क्युमिनच्या कित्येक चाचण्यांत रक्ताचा नमुना मोजण्यापूर्वी त्यावर असे एन्झाइम टाकतात, की ज्याने शिक्का मारलेला, म्हणजे निष्प्रभ झालेला मालही शिक्क्यातून सुटून मोकळ्या कर्क्युमिनच्या खात्यात जमा होतो. मग ‘इतके पट शोषण’ हा आकडा फुगतो. शोषण पटींत वाढले म्हणून परिणाम पटींत वाढेल, हेही गृहीत धरता येत नाही. तेहरानमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यकृतात मेद साठलेल्या ८४ स्थूल रुग्णांना रोज ८० मिलिग्रॅम नॅनोकर्क्युमिन तीन महिने दिले. कमरेचा घेर, साखर, यकृताची एन्झाइमे यांत निष्क्रिय गोळीच्या मानाने सुधारणा झाली, परंतु वजनातला फरक अर्थपूर्ण ठरला नाही. मी या चाचणीला तुच्छ लेखत नाही; हळदीचे खरे क्षेत्र वजन नसून मेदाबरोबर येणारा दाह असावा, हे तिच्यातून सूचित होते. शिवाय २०१७ साली मिनेसोटाच्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी सविस्तर परीक्षण करून दाखविले, की कर्क्युमिन हा असा लबाड रेणू आहे जो परीक्षानळीतील कित्येक चाचण्यांत स्वतःच्या रासायनिक चंचलपणामुळेच होकार देतो. ‘हळद इतक्या रोगांवर गुणकारी’ या यादीतील पुष्कळ होकारांचे मूळ येथे असू शकते.

मेदोवृद्धीच्या नॅनोऔषधात खरी आकर्षक कल्पना निराळीच आहे: औषध सर्वांगभर न पसरता नेमके मेदाच्या पेशींपाशी उतरविणे. ह्यूस्टनमध्ये २००४ साली कोलोनिन आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या मेदाच्या रक्तवाहिन्यांना ओळखून चिकटणारी अमिनो आम्लांची एक आखूड साखळी शोधली. २०१६ साली एमआयटी आणि हार्वर्डच्या वैज्ञानिकांनी अशा पत्त्याची चिठ्ठी लावलेले नॅनोकण स्थूल उंदरांना दिले असता मेदाचा साठवणारा प्रकार जाळणाऱ्या प्रकाराकडे वळला आणि वजन सुमारे दहा टक्के उतरले. मात्र त्या कणांतील औषध वनस्पतीचे नव्हते. टेक्सासमध्ये द्राक्षांच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल घेऊनही असेच प्रयत्न झाले आहेत. हे सर्व उंदरांपुरते आहे, आणि उंदरांच्या मेदाविषयी आपण उप्पगेच्या प्रकरणात काय शिकलो ते वर येऊन गेले.

वनस्पतिद्रव्य आणि नॅनोवाहन यांचा संयोग अशक्य आहे असे मात्र कोणी समजू नये. पॅसिफिक यू वृक्षापासून निघालेले टॅक्सॉल अल्ब्युमिनच्या नॅनोकणात बांधून कर्करोगावर २००५ पासून मान्यतेने वापरात आहे. तेथे गुण आधी सिद्ध झालेला होता आणि वहनाची अडचण नंतर सोडविली. मेदोवृद्धीच्या बाबतीत हा क्रम उलटा करण्याकडे कल आहे. उलट आज ज्या औषधांनी वजन खरोखर पंधरा-वीस टक्क्यांनी उतरते, ती सेमाग्लुटाइडच्या जातीची औषधे वनस्पतीतून आलेली नाहीत, गोळीवाटे त्यांचे शोषण जेमतेम एक टक्क्याच्या घरात आहे, आणि तरीही ती चालतात. कारण तो एक टक्का जेथे पोहोचतो तेथे त्याला काम असते.

वहन सुधारण्याची किंमतही असते. आतड्याची भिंत आणि यकृत अडवीत होते, त्यात काही शहाणपण होते. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने २०२२ साली हळदीच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांचा वृत्तांत दिला. तपासलेल्या गोळ्यांपैकी तीनांत पिपरीन होते, आणि दहांपैकी सात रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ हे एकच आनुवंशिक चिन्ह सापडले. त्याच वर्षी उप्पगेच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या रुग्णांतही हेच चिन्ह वारंवार दिसले. हळद हजारो वर्षे निर्धोक ठरली ती पोटात जाऊन रक्तात न पोहोचणारी हळद होती. रक्तात पोहोचणाऱ्या हळदीला तेवढा इतिहास नाही. सनातन वापराचा दाखला नव्या रूपास लावणे हा, माझ्या मते, या व्यापारातील सर्वांत मोठा गोंधळ आहे.

कायदा या बाबतीत बोलत नाही असे नव्हे. औषधे व जादूई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात ज्या रोगांवर उपचाराचा दावा जाहिरातीत करण्यास मनाई आहे, त्यांत स्थौल्याचे नाव आहे. २०१९ साली केंद्राने नॅनोऔषधांच्या परीक्षेसाठी मार्गदर्शक नियम काढले, ज्यांत कणाचा आकार, पृष्ठभाग, स्थिरता आणि शरीरात त्यांचे काय होते यांचा पुरावा मागितला आहे. पुढच्या वर्षी अन्न आणि कृषी यांसाठीही तसे निघाले. परंतु मल्लेश्वरमच्या एखाद्या औषधदुकानातील फळीवरून हळदीची बरणी हातात घेऊन फिरविली, तर पुढच्या बाजूस ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स ५०० मिलिग्रॅम, पिपरीन ५ मिलिग्रॅम असा मजकूर मिळतो, आणि मागे, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे सक्तीचे म्हणून, ‘औषधी उपयोगासाठी नाही’ हे शब्द असतात. ती बरणी घेणारा फेनिटॉइन घेत असेल, तर त्याने वैद्यास सांगावयाची गोष्ट मागच्या ओळीत नसून पुढच्या पाच मिलिग्रॅमांत आहे.